तोंडावरची लाट

अश्विन, वद्य अष्टमी. भरती सहाला.
तिथीची पाऊणपट केली की तास,
हे गणित शाळेत नव्हतं,
बापसाच्या बोटांवर होतं.

भांगाचे दिवस. कर्लीच्या तोंडाशी
पाणी ना भरलेलं ना सुकलेलं.
मतलई वारा जमिनीवरून निघालाय,
त्याला सुक्या बांगड्याचा वास,
आणि लाटांचे केस मागे विंचरलेले.

काखेत फळी.
फळी म्हणायची सवय बस्त्यावची.
जहाजाची नोकरी सोडून आला
तेव्हा अशा तीन घेऊन उतरला.
त्यातली ही, नाकाशी मोडलेली,
होडीच्या फायबरने सांधलेली,
सांध्यावर कुणाच्या तरी होडीचा
उरलेला निळा रंग.

पहिलं वर्ष काठाच्या फेसात गेलं.
फेस मायाळू असतो. ढकलतो, पाडतो, उचलतो,
पर्यटकांच्या पोरांचाही तेवढाच लाड.
मग एक दिवस मला फेसाचा कंटाळा आला
आणि हिरव्या लाटेला माझा.

इथून पुढचं कुणी सांगत नाही.
उभं राहता येतं मला, सरळ जाता येतं,
वळता येत नाही.
बर्फाच्या कारखान्यात चौदा वर्षं वही लिहिते,
तिथेही असंच:
नवी नाही म्हणून कुणी शिकवत नाही,
मोठी नाही म्हणून कुणी विचारत नाही.

बस्त्याव म्हणाला, तुका आता जागा बदलूक व्हयी.
बेटाकडची खडकावर फुटते, ती त्याची.
काठाची पोरांची.
मधे कुठेतरी तुझी असेल. बघ.

महिनाभर बघितलं.
फळीवर बसून राहिले आणि लाटा
कधी माझ्या अलीकडे फुटल्या,
कधी पलीकडे,
जशा लग्नाच्या पंगतीत वाढपी
नेमके आपल्यालाच चुकवत जातात.

बापूस काही विचारायचा नाही.
पंचवीस वर्षं या तोंडातून त्याने होडी बाहेर काढली,
पाण्यावर उगाच उभं राहणं त्याला
भरल्या ताटावर उभं राहण्यासारखं.

काल रात्री, पेडव्याचे काटे काढता काढता,
एकदम म्हणाला:
"देवळाचो कळस आनी सुरूचा तिसरा झाड
एका रेघेत धर.
डावीकडची बर्फाची टाकी
मोबाईलच्या खांबाआड लपली काय थांब.
थंय वाळू वर इली आसा.
थंय फुटता ती."

आईचा भाताचा डाव हातातच राहिला.
ती जागा घरात सगळ्यांना ठाऊक,
नाव कुणी घेत नव्हतं.
एकोणनव्वदच्या भादव्यात थंयच होडी उलटली.
दोघे पोहून आले,
आत्याचा घोव आला नाही.

"आमी ती चुकवत इलंव," म्हणाला,
आणि सोलकढी मागितली.

रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं,
मोबाईलचा खांब तर परवा-परवाचा.
होडी विकून झाली बारा वर्षं.

आता कळस. आता सुरू.
पण एक झाड वादळात पडलेलं,
बापसाने ते धरलं होतं की सोडलं होतं?
सोडलं असणार.
ज्याने खांब मोजला त्याने झाडही मोजलं असेल.
टाकी सरकते, अर्धी,
माझी खुर्ची, माझी वही, सगळंच हळूहळू खांबामागे,
थांब.

कमरेहून थोडी वर. एवढीच.
खालून वाळूचा पिवळा रंग चढतो तिच्यात,
चार हात मारले, पाचवा मारायची गरजच नाही,
उभी,
आणि डावा खांदा जरासा वळवला
तर फळीही वळली, जराशी,
मग काय झालं कळलं नाही, नाकात पाणी.

वर आले. किनाऱ्यावर जाळ्यांपाशी
कुणीतरी डोळ्यांवर हात धरून उभं.
मला बघतोय, की तारल्यांचा थवा?
इतक्या लांबून सांगता येत नाही.

ओहोटीने मला ओढलंय,
टाकी पुरती उघडी पडलीय.
वळून पुन्हा हात मारते,
ती लपेपर्यंत.