त्रेसष्ट

सकाळी दहाच्या आत मुळाचं टोक घ्यावं लागतं,
पेशी तेव्हाच विभागतात, मग आळसावतात.
तोरणमाळला, सीताखाईच्या अलीकडे,
मी कड्यावर पालथी, चिमटा हातात,
आणि वनमजूर दित्या वळवी माझे घोटे धरून बसलेला.
जिला वाचवायचं तिचंच बोट कापलं,
साबुदाण्याच्या दाण्याहून लहान.
"माफ करजो," दित्या म्हणाला,
मला की आमरीला, विचारलं नाही.

शहाद्याच्या कॉलेजात तीनदा वीज गेली.
टोक ॲसिडात मऊ केलं, तांबड्या रंगात ठेवलं,
काचेवर काच, वर अंगठा,
आई कळण्याच्या पिठातली गुठळी फोडायची
तितक्याच जोरानं.
मग मोजणं. चुकणं. चहा. पुन्हा मोजणं.
खाईपलीकडच्या चार झाडांत गुणसूत्रं बेचाळीस.
अलीकडच्या सातांत
त्रेसष्ट.

फूल तेच, पान तेच,
रात्रीचा वासही तोच.

छत्तीसातले तीन आणि सहा पाठ फिरवून बसतात,
त्रेसष्टात समोरासमोर येतात,
म्हणून क्षणभर बरं वाटलं मला.
पण फुगडी दोघींची असते.
बी धरायच्या वेळी जोड्या लागतात
आणि एकवीसजणी उभ्या राहतात
हात पुढे करून.
बोंडं फुगतात. फोडली की भुसा.

रावेरला आमच्या केळीत कुणी बी पाहिलंय?
तीही अशीच तिहेरी, अकराचे तीन.
पण तिला कंद उपटून लावणारे हात आहेत,
ठिबक आहे, पीकविमा आहे,
तिच्यासाठी रेल्वेचे डबे लागतात.
हिच्यासाठी दित्या, तोही रोजंदारीवर.

वनखात्याच्या वहीत लिहिलंय: सात.
सात नसाव्यात त्या, बहुधा एकच,
जमिनीखालून सरकत सात जागी उगवलेली.
घाटरस्ता रुंद होतोय, म्हणून साहेब म्हणाले,
पलीकडच्या चार उचलून इथे लावू,
एकमेकींना सोबत होईल.
मी अहवालात लिहिलं, नको.
चौघींचं बी चौघींतच राहू द्या,
हवं तर रस्ता दोन हात सरकवा.
"दोन हात" खोडून "तीन मीटर" केलं,
सरकारला हात कळत नाहीत.

दित्यानं डोळा लावून पाहिलं, बराच वेळ.
"मुंग्या शेतस."
मग म्हणाला, बी धरत नाही तर
ही दर भादव्यात फुलते कशाला?

मला उत्तर येत नव्हतं.
काच धुवायला घेतली आणि ठेवून दिली.
तिच्यावर एक पेशी आहे,
दोन व्हायला निघालेली,
मधोमध थांबवलेली मी.