जरा जास्तच पांढरा

एल्बेच्या बांधाखाली, माझ्या चेरीच्या बागेत
विबके रोज सकाळी सायकल टेकवते.
तीस वर्षं हॅम्बुर्गच्या गोदीत
जहाजांची पोटं रंगवली तिनं,
शेंदरी, मग करडा, मग पुन्हा शेंदरी.
ब्रशची एक रेघ दिसली तरी मुकादम ओरडायचा.
आता नुसत्या रेघाच.
तुटक, ओल्या, एकीचा एकीला पत्ता नाही.

मी म्हणालो, बाई, झाडांना खोड असतं.
म्हणाली, बहर असताना कुणी खोडाकडे बघतं का?
मी बघतो. साल फाटली का, डिंक आला का.
आणि गवत जांभळं?
तिनं नुसतं बोट दाखवलं.
सावलीत होतं खरं जांभळं.
साठ वर्षं चालतोय मी त्यावरून,
कुणी बोललं नाही.

मग ती गारठ्याची रात्र. उणे तीन.
दोन वाजता पंप सुरू केला,
फवारे फिरत राहिले, कळी न कळी बर्फात बंद.
बर्फापासून बर्फानंच राखायची, ही आमची रीत.
उजाडलं तेव्हा बाग काचेची झाली होती,
वाऱ्यानं किणकिणत होती.
विबके आली. रंगांची पेटी उघडलीच नाही.
थर्मासमधली कॉफी दोघांत संपवली.
‘याला रंग नाही माझ्याकडे,’ एवढंच.

दुपारी सगळं वितळलं, फुलं वाचली, मधमाश्या आल्या,
आणि तिनं कालचं ओलं चित्र पुढं ओढलं.
पाय मोकळे करायला ती बांधावर गेली तेव्हा
मी वाकून बघितलं.
जवळून काहीच नव्हतं, रंगांचा चिखल.
सात पावलं मागं सरलो, तर माझी बाग.
पहिली ओळ, दुसरी,
तिसऱ्या ओळीत भगदाड.
तेही काढलं होतं तिनं, इमानानं.

मेटानं लावलेलं झाड होतं तिथं.
जानेवारीत मीच कापलं. आतून पोकळ झालेलं.
त्याचं लाकूड अजून चुलीत घातलेलं नाही.

अंगठा कधी रंगात बुडाला, सांगता येत नाही.
एक ठसा. मग जरा वर, दुसरा.
विजारीला पुसला.

ती परत आली. डोळे बारीक करून पाहत राहिली,
जहाजाचं पोट तपासावं तशी.
‘जरा जास्तच पांढरा,’ म्हणाली,
आणि त्याच्या खाली, गवतात,
जांभळ्याची एक आडवी रेघ ओढली.