बर्फाची वही

कुटबणच्या जेटीवर मी बर्फ मोजतो.
लाद्या किती, कुठल्या बोटीला, वाटेत किती वितळल्या,
सगळं वहीत.
अठरा वर्षांत एका लादीची चूक नाही.

फादर एव्हारिस्त पुनवेला येतात,
बोटी धक्क्याला असतात तेव्हा,
असोळण्याहून जुन्या स्कूटरवर,
झगा गुडघ्यापर्यंत खोचून.
पहिल्यांदा आले तेव्हा मनात म्हटलं,
आला हा, जाळं घेऊन. इथे काय जाळ्यांची कमी?

खिशातून निघालं नेलकटर.
आणि आयोडिनची बाटली.

उपड्या क्रेटवर बसले. समोर
गुमल्याचे, सुंदरगढचे, श्रीकाकुळमचे हात,
मिठाने, बर्फाने, कोळंबीच्या काट्यांनी
कुजलेली नखं.
एकेक बोट धरून ते कापत राहिले
चष्मा नाकावर उतरवून, घड्याळजीसारखे.
मोडक्या हिंदीत विचारत,
दुखता है? बहन का शादी हुआ?
देवाचं नाव निघालंच नाही.
झगाभर खवले घेऊन परत गेले.

नोव्हेंबरात
रात्री लघवीला उठलेलं एक पोर
दोन बोटींच्या फटीत गेलं.
(अख्ख्या जेटीवर संडास एक, त्यालाही कुलूप.)
सकाळी ओहोटीने वर दिलं.
मालक म्हणाला, छोटू.
तांडेल म्हणाला, छोटू.
पोलिसांनी लिहिलं, अनोळखी इसम.

फादर माझ्या खिडकीशी आले.
"नाव काय त्याचं? संध्याकाळच्या मिसेत घ्यायचंय."
मी सवयीने वही उघडली.
त्या रात्री 'सांता रीता'ला चौदा लाद्या,
पैकी एक फुटकी.

ते तिथेच भुश्याच्या पोत्यावर टेकले.
"उजवा अंगठा. काळा पडलेला.
दोनदा कापलं मी त्याचं नख," म्हणाले,
"आणि विचारलं नाही."
मग बराच वेळ
नेलकटर उघडत राहिले, मिटत राहिले.
मी चहा मागवला. तो निवला.

मिसेत त्यांनी काय म्हटलं ठाऊक नाही,
मी देवळातला माणूस, गेलो नाही.

पुढच्या पुनवेला ते आले
ते आधी नाव विचारत, मग बोट धरत.
खिडकीतून ऐकू येत होतं.
हातात पेन होतंच.
लाद्यांच्या बाजूच्या कोऱ्या समासात
मी उतरवून घेत गेलो:
सोमरा किंदो, डावी तर्जनी.
पोलय्या, दोन्ही अंगठे.
जुनास लक्रा, याला जखम नाही, नुसता बसला होता.

महिनाअखेर मालकाने वही चाळली.
हे कुठल्या खात्यात, विचारतो.
अजून ठरवलेलं नाही.