पाचोऱ्याची कॅसेट

एरीत पहाटेपासून बर्फ.
सरोवरावरून येतो तो, आडवा, आणि थांबायचं विसरतो.
तळघरात मी, अकरा डॉलरचा जुना व्हीसीआर
(झाकण उघडंच, डोक्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवलेला)
आणि निरंजनने पाचोऱ्याहून आणलेली कॅसेट.
लेबलावर दादांचं अक्षर: सर्वांस. मार्च ८६.
फितीच्या कडेला बुरशी, परातीत उरलेल्या पिठासारखी.

काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते.
हे फुकटचं हत्यार कुणाकुणा अनोळखी माणसांनी
रात्री जागून घडवलंय.
त्याला बटणं नाहीत. सांगाल तेवढंच करतं,
आणि चुकीचं सांगितलंत तर
चूकसुद्धा तितक्याच मनोभावे.

कॅसेट भारतातून आलेली, म्हणून मी लिहिलं: पाल.
विचारच केला नाही.
पाचोऱ्याची वस्तू, पाचोऱ्याचं माप.

पट्टे आले.
काळे-पांढरे, वर वर सरकणारे,
मधेच एक खांदा, अर्धी खिडकी, पुन्हा पट्टे.
आणि पट्ट्यांमागून स्वच्छ, तरुण, दादांचा आवाज:
"वहिनी, हिचा हा कोट बघा. सेलमध्ये घेतला.
रंग कसा वाटतो, कळवा हं."

आमच्या घरात एक जुना विनोद आहे.
त्या वर्षी द्वारकाकाकूंचं पत्र आलं होतं,
"कॅसेट पाहिली. सगळं सगळं पाहिलं.
निळा कोट हिला फार खुलतो."
निळा? आई म्हणाली. कुठला निळा?
तेव्हापासून कुणी रंग चुकला की
द्वारकाकाकूंचा निळा.
भिंतीचा रंग, मोटारीचा, माझ्या लग्नातल्या शालूचा.
आईला शेवटची साडी कोणती, असा प्रश्न आला
तेव्हा मी म्हणाले निळी,
आणि दादा, त्या तसल्या दिवशी, हसले.

निरंजनला फोन लावला. तिकडे रात्र.
"अगं, भाड्याचा व्हीसीआर होता. गल्ली जमलेली.
चित्र आलंच नाही. मेकॅनिक म्हणाला, तिकडची वीज वेगळी.
आई म्हणाली, बंद करू नका.
तासभर सगळे पट्ट्यांसमोर बसलो.
मग ताकीद दिली: एरीला कळवायचं नाही,
एवढा खर्च करून पाठवलीय त्यांनी."
मग निळा?
"काय माहीत. तिची शाल होती निळी."

एक शब्द खोडते. पालच्या जागी एनटीएससी.

चित्र आधी दचकलं, मग उभं राहिलं.
खाली एक फाटकी कड थरथरतेय, ती मी कापणार नाही.
कुणी हललं की बाहेरच्या रेषेला कंगव्याचे दात फुटतात:
अर्ध्या ओळी आधीच्या, अर्ध्या
सेकंदाच्या साठाव्या हिश्शाने मागाहून आलेल्या.
ते विंचरायचं काम नंतर.
आत्ता आई आहे. सत्तावीस वर्षांची.
मरून कोट, खांदे तिच्याहून रुंद, एक बटण लोंबतंय,
आणि ती हात पसरून गोल फिरते
पाचोऱ्यातल्या वीस-पंचवीस माणसांसाठी.

चौसष्ट मिनिटांची फीत चौसष्ट मिनिटंच घेते.
तिला घाई कळत नाही.
चाळिसाव्या मिनिटाला जिन्यावर काठी वाजली.
दादा शेवटच्या पायरीवर बसले, चष्मा पुसला,
पुन्हा पुसला.
"बघ," म्हणाले, "आणि काकू म्हणे निळा!"
हसता हसता ठसका लागला त्यांना.
मी पाणी दिलं. बाकी काही बोलले नाही.

आता धाकटी फाइल करायची, फोनवर मावेल अशी.
ओळीच्या शेवटी नाव द्यावं लागतं.
दादा खांद्याशी उभे.
मी लिहिते: निळा-कोट.