फिटिंग

सव्वीस वर्षं पोवई नाक्यावर ब्लाउज शिवले,
म्हणून नव्या घराच्या खिडक्या बघायला
गळ्यात टेप अडकवूनच गेले कोंडव्याला.
जोतीराम गवंडी हसला :
वहिनी, कापडी टेप ताणतो.
म्हटलं, माझा किती ताणतो ते मला पाठ आहे.

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं.
मग दुसऱ्या बाजूनं तिरपं.
दोन्ही मापं जुळली तरच चौकट काटकोनात.

जे सापडलं ते पेन्सिलीनं भिंतीवरच लिहिलं :
देवघर – पाणी जायची भोकं सिमेंटनं बुजलेली.
जिना – कडप्प्याचा उतार आत.
स्वयंपाकघर – सिलिकॉन नुसतं वरून लिंपलेलं.
वरून इस्त्री, आतून टाके सुटलेले,
असले शिंपी पाहिलेत मी.

गवंडी म्हणाला, खिडकीवाल्याचं काम.
खिडकीवाला म्हणाला, गाळा जसा सोडला तशी बसवली.
दोघांचं चाललेलं असताना मी उदबत्ती पेटवली,
चौकटीच्या कडेकडेनं फिरवत नेली.
धूर सरळ, सरळ, सरळ,
उजव्या खालच्या कोपऱ्याशी आला
आणि आत वळला, कुणी फुंकल्यासारखा.
वारा यवतेश्वराकडचा.
त्याला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.
दोघं गप्प झाले.

चौथी खिडकी माझ्या मशीनच्या खोलीतली.
गळती नाही, फट नाही, काचेवर ओरखडा नाही.
काच अर्धी लावून हात काढला
तर आपली आपण सरकत गेली, टोकाला टक्.
पुन्हा लावली. पुन्हा टक्.
पाणसळीतला बुडबुडा एका रेघेला चिकटलेला.
शिकलगारांचा रियाज, अठरा-एकोणीसचा,
ड्रिलची वायर गुंडाळत म्हणाला,
ही मी एकट्यानं बसवली, काकू. पहिलीच.

दोन सूत.
दोन सुतांतून पाऊस येत नाही, चोर तर नाहीच.
आणि भाड्याच्या घरांत आम्ही
खिडक्या नाडीनं बांधून राहिलो की,
पण तिथं दोष मालकाचा असायचा.

मला माझा पहिला ब्लाउज आठवला.
जाधवबाईंचा, मोरपंखी, डावी बाही उजवीकडे.
छान झालाय गं, म्हणाल्या,
पैसे दिले,
आणि पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

म्हणून म्हटलं, काढ.

त्यानं काढली. तोंड पडलं होतं, पण काढली.
चौकट भिंतीला टेकवली तेव्हा मागच्या अंगाला,
जे कायमचं भिंतीत जाणार त्या अंगाला,
मार्करनं लिहिलेलं दिसलं : रियाज, १४ मार्च.
मी बघतेय हे त्यानं बघितलं.
तारीख खोडली, खाली आजची घातली.
मग पाचर, पाणसळ. पाचर, पाणसळ.
चहा दोनदा गार झाला.

संध्याकाळी काच अर्ध्यावर सोडली.
थांबली तिथंच.
आम्ही दोघं बराच वेळ तिच्याकडे बघत उभे,
जशी काही ती विचार बदलेल.

मग तोच म्हणाला,
काकू, उदबत्ती आहे का अजून?