पंचवीस डिसेंबर, मे महिन्यात

पंचवीस डिसेंबरचं मनन मी मे महिन्यात लिहिते.
भुसावळात तेव्हा कुलरच्या पाण्याला
उकळी फुटायची तेवढी बाकी असते.
खिडकीला ओलं गोणपाट, पायाखाली ओली चादर,
आणि मी कागदावर मेंढपाळांना थंडीत बसवते,
त्यांच्या खांद्यांवर घोंगड्या टाकते.
घामाचा थेंब ‘गव्हाणी’ या शब्दावर पडतो.
शाई फुगते.
पुन्हा लिहीत नाही, तसंच ठेवते.

रेव्हरंड त्रिभुवनांचं पोस्टकार्ड भिंतीला टाचलेलं आहे:
दोनशे शब्द. वर वचन. मध्ये एखादा दाखला, घरगुती.
शेवटी चार ओळींची प्रार्थना.
आणि खाली पेन्सिलीनं,
बाई, शंका फार नकोत,
लोक चहाच्या आधी वाचतात.

बावीस वर्षं झाली.
लीप वर्षाचा एकोणतीस फेब्रुवारी
ठरल्या मानधनातच लिहावा लागतो,
म्हणून त्या दिवशी मला हवं ते लिहिते.
अजून कुणाचं पत्र आलेलं नाही.

दुसरी वही दादरच्या डब्यामागे असते.
तिच्यात शेवंता राहते.
शेवंता केळीच्या वखारीत घड मोजते,
रविवारी मागच्या बाकावर बसते,
आणि प्रभुभोजनाची थाळी आली की
न घेता शेजारणीकडे सरकवते.
तिला क्षमा करायला लावावी म्हणून
मी तीन उन्हाळे खपले.
नवरा परत आणला. रडवला. गुडघ्यांवर आणला.
शेवंतानं त्याला कळण्याची भाकर वाढली,
ठेचा वाढला, वर तेलाची धार सोडली,
आणि त्याची खाट ओट्यावर टाकली.
आतून कडी.
तिथं आमेन कुठं लिहू?

पुस्तक छापलं, पाचशे प्रती.
पाळकसाहेबांनी उपासनेनंतरच्या सूचनांत
भाजीपाल्याच्या लिलावाचं सांगितलं,
माझ्या पुस्तकाचं राहून गेलं.
तीनशे दहा प्रती पलंगाखाली आहेत.
वाळवीचं औषध मीच मारते.

मागच्या पावसाळ्यात रिबकाबाई भालेराव गेल्या.
रेल्वे दवाखान्यात आया होत्या, पस्तीस वर्षं.
त्यांच्या पेटीत पेन्शनच्या कागदांमध्ये
माझं नऊ मार्चचं पान निघालं, कात्रीनं नीट कापलेलं.
मला ती रात्र आठवली.
लाइट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात
सतरा मननं एका बैठकीत पाडलेली,
मन शेवंताच्या ओट्यावर.
नऊ मार्चच्या त्या पानात
माझं असं अक्षराचं वळण तेवढं होतं.
आणि त्याच पानाच्या कडेला रिबकाबाईंचं बारीक अक्षर:
नातू तापला. नागपूरला नेला. ऑपरेशन.
पुन्हा ऑपरेशन. नातू गेला.
त्याच्या पुढेही तारखा होत्या.
नुसत्या तारखा, अकरा.
मी मोजल्या, पान त्यांच्या सुनेला परत दिलं,
आणि घरी येऊन भांडी घासली.

वखारीचा रखवालदार सुपडू एकदा दारात उभा,
बगलेत माझं पुस्तक, केळीच्या चिकाचे डाग पडलेलं.
‘बाई, मंग तिनं पुढे काय व्हयनं?’
म्हटलं, पुस्तक संपलं की तिथंच.
‘पुस्तक सरनं व्हई,’ तो म्हणाला,
‘ती बाई थोडीच सरनी!’
पाणी पिऊन गेला.
पेला उंबऱ्यावरच ठेवून.

आज पुन्हा मे, पुन्हा पंचवीस डिसेंबर.
मेंढपाळ येऊन बसलेत.
त्यांच्या मागे, कंदिलाच्या उजेडाबाहेर
मी एक बाई उभी करते.
हाताला केळीचा चीक, काळा पडलेला.
ती आत जाते की नाही, ते लिहीत नाही.
दोनशे सोळा शब्द होतात.
प्रार्थनेच्या दोन ओळी कापते.
त्रिभुवनांना काय सांगायचं ते नंतर बघू.
कुलर कोरडाच घरघरतोय,
बादली भरायला उठते.