हरकती व सूचना

नकाशा टांगायला खिळा मिळेना.
शाळेच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली
बत्तीस खुर्च्या, अकरा माणसं,
आणि मी, नगरपालिकेचा मोजणीदार,
हातात लाल मार्कर.

खिडकीतून यी नदी दिसत होती.
तिला नोटीस गेली नव्हती.
उरुग्वेतल्या कुठल्याही गायीसारखी
मान खाली घालून काठ चाटत होती.

म्हटलं, ही रेषा
शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची.
मागून वॉशिंग्टन सिल्वेरा म्हणाला,
"मी एकसष्टचा. तीनदा आलंय.
म्हणजे माझी तीनशे भरली?"
लोक हसले. मीही हसलो.
उत्तर होतं माझ्याकडे, टक्केवारीत.
ते खिशातच राहू दिलं.

मग नेलिदाबाई एचेगोयेन उठल्या.
"तुमची रेषा माझ्या चुलीच्या
अलीकडून जाते की पलीकडून?"
नकाशावर चूल नव्हती.
मार्करच्या रेघेचीच जाडी, जमिनीवर, चार मीटर.
तिच्यात मावतं एक स्वयंपाकघर,
एक म्हातारं कुत्रं,
आणि वर लिंबाचं झाड.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन गेलो.
त्यांनी मातेचा भोपळा पुढे केला आणि दार लोटलं.
दारामागच्या भिंतीवर
नेलपॉलिशने ओढलेल्या खुणा,
दर पुराला वेगळा रंग,
शेंदरी, जांभळा,
सगळ्यात वर मोतिया, मुलीच्या लग्नातला उरलेला.
शेजारी पेन्सिलीने नातवाची उंची.
एका साली रामिरो आणि पाणी
बरोबरीने वाढले होते.

मी मोजलं. पुन्हा मोजलं.
संगणकातलं पाणी
मोतिया खुणेच्या वीतभर खाली थांबत होतं.

संगणक खरा धरला तर बाई पिवळ्या पट्ट्यात,
जोतं उंच करून राहायला मोकळ्या.
भिंत खरी धरली तर लाल.
त्या आणि पुढची चौदा घरं.

हे त्यांना सांगायला नको होतं. सांगितलं.
खूण पुसता येते, हेही बोलून गेलो बहुधा.
त्यांनी भोपळ्यात गरम पाणी ओतलं,
"तुमच्या साहेबांना फसवीन हो.
पण ते परत येईल, तेव्हा त्याला काय सांगू?"

ठराव झाला. लाल पट्ट्यात घर नाही.
फुटबॉल चालेल, बाकडी चालतील,
बाभळी, पायवाट,
जे जे पाण्याखाली दोन दिवस बसून
पुन्हा उठू शकतं ते सगळं.
लिंबू राहील, असं मी तोंडी म्हटलं.
तोंडीच.

नवी घरं रुळांपलीकडे, टेकडीवर.
कोरडी, सारखी, नळाला पाणी चोवीस तास.

इतिवृत्तात हरकत क्रमांक सात:
*नव्या घरातून नदी दिसत नाही.
ती निघाली हे मला कळणार कसं?*

समोरच्या रकान्यात माझ्याच अक्षरात:
नोंद घेतली.